वसतिगृहातील सर्वसमावेशकता (नाशिक)

वेगवेगळ्या जातिधर्मांची, बोलींची आणि ऐपतीची मुलेमुली शिक्षणासाठी एका छपराखाली राहतात तेव्हा त्यांतल्या कोणालाही उपरे वाटू नये, यासाठी केलेली व्यवस्था. खोलीवाटप, खानावळ, येण्याजाण्याचे नियम आणि तक्रार ऐकणारे माणूस ही तिची मुख्य अंगे. नाशकात जुनी माणसे वसतिगृहाला अजून ‘बोर्डिंग’ म्हणतात.

इथले बोर्डिंग जातीच्या नावाने सुरू झाले, आणि त्याचा धागा कोल्हापुरात सापडतो. राजर्षी शाहू महाराजांनी १८९६ मध्ये सर्व जातींसाठी एक वसतिगृह काढून पाहिले. पाटी सर्वांची होती, पण आत जवळपास सगळी ब्राह्मण मुलेच राहिली. तेव्हा १९०१ पासून त्यांनी मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मानलेल्या जाती अशी समाजागणिक वसतिगृहे उभी केली. नाशिकचा मराठा विद्या प्रसारक समाज १९१४ चा, आणि उदोजी मराठा बोर्डिंग हे त्याच्या कामाचे मूळ. एप्रिल १९२० मध्ये या बोर्डिंगच्या कोनशिला समारंभाला शाहू महाराज नाशकात आले आणि एका जातीच्या वसतिगृहासमोर उभे राहून जातिभेद मोडण्याविषयी बोलले. हे विसंगत वाटते खरे. पण कोल्हापूरच्या त्या पहिल्या प्रयोगानंतर त्यांच्यापुढे दुसरा मार्ग तरी कोणता होता? पुढे दहाच वर्षांनी, २ मार्च १९३० रोजी, याच शहरात काळाराम मंदिराच्या दारासाठी सत्याग्रह सुरू झाला. शिक्षणाचे दार आणि देवळाचे दार, दोन्ही प्रश्न नाशिकने एकाच पिढीत पाहिले.

आज नाशकात सरकारी ‘विद्यापीठाचे वसतिगृह’ म्हणून एक आवार सहज दाखवता येत नाही. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (१९८९) दूरस्थ शिक्षण देते, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाला (१९९८) राज्यभरची महाविद्यालये संलग्न आहेत, आणि शहरातली कला-विज्ञान-वाणिज्याची महाविद्यालये पुणे विद्यापीठाशी जोडलेली आहेत. त्यामुळे मुले राहतात ती महाविद्यालयांच्या, संस्थांच्या किंवा सरकारी वसतिगृहांत, नाहीतर गंगापूर रोड, कॉलेज रोडकडच्या भाड्याच्या खोल्यांत. भाड्याच्या खोलीत कायदा घरमालकाचा. ‘आडनाव काय?’ हा पहिला प्रश्न, ‘नॉनव्हेज चालणार नाही’ हे दुसरे वाक्य. आणि मालेगावहून आलेल्या मुस्लिम मुलाला ‘खोली कालच गेली’ हे उत्तर नवे नसते.

सरकारी वसतिगृहांत मिसळण आकड्यांनी ठरते. समाजकल्याणच्या वसतिगृहात ८० टक्के जागा अनुसूचित जातींच्या असतात आणि उरलेल्या २० टक्क्यांत जमाती, भटके-विमुक्त, इतर मागास, विशेष मागास, दिव्यांग आणि अनाथ. आदिवासी विकास विभागाची वसतिगृहे वेगळी. या विभागाचे राज्याचे आयुक्तालयच नाशकात आहे. पेठ, सुरगाणा, कळवण, त्र्यंबकेश्वरकडची कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल मुले तिथे राहतात. फायदा असा की, तिथे कोणी बोलीला हसत नाही. तोटा असा की, चार वर्षे शहरात काढूनही आपल्या आदिवासी पट्ट्याबाहेरचा ‘पार्टनर’ (खोलीतला सोबती) मिळत नाही.

मिश्र वसतिगृहात भेदभाव बहुधा कोणी ठरवून करत नाही. तो यादीतून होतो. प्रवेशाच्या फेऱ्या जशा लागतात तशा खोल्या भरल्या, की शेवटच्या फेऱ्यांतली मुले आपोआप मागच्या विंगेत एकत्र येतात, आणि महिनाभरात त्या विंगेला टोपणनाव पडते. त्यात रेक्टरच्या (वसतिगृहप्रमुखाच्या) खोलीबाहेर चिकटवलेल्या यादीत नाव आणि शाखेशेजारी ‘प्रवर्ग’ हा रकाना तसाच राहिलेला असतो. पहिल्या दिवशी गादी आणि पत्र्याची पेटी जिन्याखाली ठेवून पोरे त्या कागदापुढे गर्दी करतात. बोट आधी स्वतःच्या नावावर जाते, मग पार्टनरच्या, मग उजवीकडे सरकते. हा रकाना छापायच्या आधी काढणे आणि पहिल्या वर्षाच्या खोल्या चिठ्ठ्या टाकून देणे, या दोन गोष्टींना पैसा लागत नाही. व्याख्यानमाला आणि ‘विविधतेत एकता’ची पोस्टर्स यांपेक्षा त्यांचा उपयोग जास्त, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या समतेविषयीच्या नियमांनुसार वसतिगृहात वा खानावळीत जातीवरून वेगळे बसवणे-राहवणे हा भेदभावच ठरतो, आणि समान संधी कक्ष नेमणे संस्थेवर बंधनकारक आहे. तो कक्ष कुठल्या खोलीत बसतो, हे मात्र मुलांना विचारून पाहावे.

दुसरी कसोटी ताटाची. पेठ-सुरगाण्याचा मुलगा नागलीची (नाचणीची) भाकर आणि खुरसणीची (कारळ्याची) चटणी खाऊन वाढलेला असतो. मेसमध्ये रोज पोळी. घरून आलेला सुक्या बोंबलाचा डबा तो खोलीत खिडकी उघडून, पार्टनर बाहेर गेल्यावर खातो. बागलाणचा पोरगा पहिल्या आठवड्यात ‘काय करी ऱ्हायना रे भो?’ म्हणतो आणि नंतर अहिराणी फक्त फोनवर बोलतो. एकादशीची साबुदाण्याची खिचडी कोणी न मागता पातेल्यात पडते. रमजानात सहरीच्या, म्हणजे रोजा सुरू होण्याआधीच्या पहाटेच्या जेवणाच्या, डब्यासाठी मात्र अर्ज लिहावा लागतो. खानावळीचे महत्त्व २०१८ मध्ये ठळकपणे दिसले. शासनाने आदिवासी वसतिगृहांतल्या जेवणाऐवजी पैसे थेट बँक खात्यात द्यायचे ठरवले, तेव्हा मुले पुण्याहून नाशिकच्या आयुक्तालयाकडे पायी निघाली. पैसे वेळेवर येत नाहीत ही तक्रार होतीच. पण पंगत मोडली, की ज्याचा हप्ता रखडला तो एकटा उपाशी राहतो आणि कोणाला कळतही नाही.

दिव्यांगांसाठी २०१६ चा कायदा आहे, तरी तळमजल्याची खोली आणि कमोड मिळणे अजून रेक्टरच्या मर्जीवर असते. तृतीयपंथी विद्यार्थ्यांसाठी अर्जात रकाना आला आहे. खोली कोणत्या इमारतीत, हे बहुतेक ठिकाणी ठरलेले नाही.

मुलींच्या वसतिगृहांचा प्रश्न वेळेचा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक नियमांनुसार सुरक्षिततेचे कारण पुढे करून विद्यार्थिनींवर मुलांपेक्षा वेगळे निर्बंध लादता येत नाहीत. फाटक तरीही आधी मुलींचेच बंद होते. सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात प्रशिक्षणाला जाणारी मुलगी सिटीलिंकची शेवटची बस पकडून परतते, तेव्हा तिला उशिराच्या वहीत कारण लिहून सही करावी लागते. तिच्याच बसमधून उतरलेला मुलगा समोरच्या इमारतीत सरळ जिना चढून जातो.