अम्रीचं घराणं : बायबलात तेरा वचनं, दगडांवर दीड शतक

बायबलातल्या ‘१ राजे’ या पुस्तकात अम्री नावाच्या इस्राएलच्या राजाची बोळवण जेमतेम तेरा वचनांत होते. सैन्याने त्याला गादीवर बसवलं, त्याने शेमेर नावाच्या माणसाला दोन किक्कार (जुनं वजनमाप) रुपे, म्हणजे चांदी, मोजून एक टेकडी विकत घेतली, तिच्यावर शोमरोन ही राजधानी वसवली आणि आधीच्या सगळ्या राजांपेक्षा जास्त दुष्कर्मं केली. संपला अम्री. पुढची पानंच्या पानं त्याचा मुलगा अहाब, सून ईजबेल आणि त्यांच्याशी भांडणारा संदेष्टा एलीया यांनी व्यापली आहेत.

हा काळ इ.स.पू. नवव्या शतकाचा. त्याच शतकातले शेजारच्या राजांचे लेख गेल्या पावणेदोनशे वर्षांत मातीतून वर आले, आणि त्यांत वारंवार नाव येतं ते याच तेरा वचनांच्या राजाचं.

पहिला दगड १८४६ सालचा. आजच्या इराकमधल्या मोसुलजवळच्या निमरूदच्या टेकाडावर ऑस्टिन हेन्री लेयार्ड हा इंग्रज संशोधक खोदकाम करत होता. एक चर पन्नास फूट खणूनही रिकामाच निघाला होता. आता थांबावं की काय, या विचारात तो चराच्या काठावर उभा राहिला. मोसुलला काम होतं म्हणून ‘उद्या परत येईपर्यंत चालू ठेवा’ असं मजुरांना सांगून घोड्यावर बसला. तो टेकाडावरून उतरतो न उतरतो तोच चराच्या अगदी कडेला काळ्या दगडाचा कोपरा दिसला. आडवा पडलेला, सुमारे दोन मीटर उंचीचा, चारही बाजूंनी कोरलेला स्तंभ. तिसरा शल्मनेसर या असीरियन राजाने आपल्या मोहिमांच्या आठवणीसाठी उभारलेला.

हा स्तंभ लंडनला गेला तो मुंबईमार्गे. फुगवलेल्या कातड्यांच्या तराफ्यांवरून तैग्रिस नदीतून खाली बसऱ्यापर्यंत, तिथून जहाजाने मुंबई, मग इंग्लंड. मुंबईत लेयार्डच्या लहान वस्तूंच्या पेट्या कुणाच्याही परवानगीशिवाय उघडल्या गेल्या आणि लोकांना बघायला मांडल्या गेल्या. त्यांतल्या काही मौल्यवान वस्तू गायब झाल्याची तक्रार त्याने पुढे छापून केली. त्या कुणाच्या घरी गेल्या असतील, या प्रश्नाचं मुंबईकराला कुतूहल वाटायलाच हवं. असीरियन राजवाड्यांतले काही शिल्पपट मात्र राजरोस मुंबईत आहेत, छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात.

स्तंभ सापडला तेव्हा त्यावरची कीलाकार लिपी कुणालाच धड वाचता येत नव्हती. ती फोडण्यात दोन माणसांचा वाटा मोठा. एक एडवर्ड हिंक्स, आयर्लंडमधला धर्मगुरू. दुसरा हेन्री रॉलिन्सन, १८२७ मध्ये सतराव्या वर्षी कंपनीच्या मुंबई सैन्यात आलेला. येताना जहाजावर मुंबईचे नवे गव्हर्नर जॉन माल्कम सहप्रवासी होते, आणि इराणचा नाद त्याला त्यांनीच लावला. १८५१ च्या सुमारास दोघांनाही स्तंभावर एक ओळखीचं नाव सापडलं : येहू, इस्राएलचा राजा.

वरून दुसऱ्या ओळीतलं ते चित्र बघण्यासारखं आहे. शल्मनेसर हातात पेला धरून उभा, मागे छत्र धरलेला सेवक, वर पंख असलेलं सूर्यबिंब. समोर एक माणूस गुडघ्यांवर, कोपरं टेकून इतका वाकलेला की दाढी जमिनीला लागावी. उरलेल्या तीन बाजूंवर टोकदार टोप्या आणि झालरीचे लांब झगे घातलेले तेरा जण नजराणे घेऊन रांगेत. लेखात यादी आहे : चांदी, सोनं, सोन्याचा वाडगा, सोन्याच्या बादल्या, कथील, राजदंड. वाकलेला माणूस खुद्द येहू की त्याचा दूत, यावर एकमत नाही. स्वतः येहू असेल, तर इस्राएल किंवा शेजारच्या यहूदा राज्याच्या एखाद्या राजाचं त्याच्या हयातीतलं हे एकमेव ज्ञात चित्र.

इ.स.पू. ८४१ च्या या नजराण्याचा बायबलात उल्लेख नाही. आणि गंमत पुढे आहे. लेखात त्याला म्हटलंय ‘अम्रीचा पुत्र येहू’. बायबलातला येहू निमशीच्या कुळातला. अम्रीचं घराणं त्यानेच संपवलं : ईजबेलला खिडकीतून खाली टाकवलं, अहाबाच्या सत्तर मुलांची मुंडकी टोपल्यांतून मागवली. असीरियन लेखनिकाला त्याचं काय! त्याच्या दफ्तरी त्या राज्याचं नावच ‘अम्रीचं घर’ होतं; तिथे जो बसेल तो अम्रीचा.

१८६१ मध्ये आजच्या तुर्कस्तानातल्या कुर्ख इथे शल्मनेसराचाच आणखी एक शिलालेख मिळाला. इ.स.पू. ८५३ मध्ये कर्करच्या लढाईत त्याच्याविरुद्ध एकवटलेल्या राजांमध्ये ‘इस्राएलचा अहाब’ २,००० रथ आणि १०,००० पायदळ घेऊन उभा होता, असं तो सांगतो. रथांचा आकडा फुगवलेला असावा, अशी शंका बऱ्याच अभ्यासकांना आहे. पण बायबल या लढाईबद्दल चकार शब्द काढत नाही.

बखर मानायची की समकालीन कागद, हा वाद आपल्याकडे जुनाच. इथे मात्र दोन्हीकडे बखरीच आहेत, फक्त एक दगडावर कोरलेली. म्हणून ‘बायबल सिद्ध झालं’ अशा मथळ्यांपासून मी चार हात लांब राहतो.

इस्राएलच्या शेजारच्या मवाब राज्याचा राजा मेशा याचा लेख हे त्याचं चांगलं उदाहरण. १८६८ मध्ये आजच्या जॉर्डनमधल्या धिबान इथे तो एका मिशनऱ्याला दाखवण्यात आला. युरोपीय खरेदीदारांची चढाओढ आणि तुर्की अंमलदारांचा दबाव वाढल्यावर स्थानिक बेदुइनांनी दगड तापवला, त्यावर थंड पाणी ओतलं आणि तुकडे केले. आधी ओल्या कागदावर घेतलेला ठसा वाचला म्हणून मजकूर जुळवता आला. मेशा म्हणतो, आमचा देव कमोश रागावला होता म्हणून अम्रीने मवाबला पुष्कळ दिवस छळलं. आता मी सुटलो आणि इस्राएल कायमचा नष्ट झाला. ‘२ राजे’ मध्येही मेशाचं बंड आहे, पण अहाबाच्या मरणानंतरचं. मेशा ते अम्रीच्या ‘मुलाच्या’ काळातलं सांगतो. ‘मुलगा’ या शब्दात नातूही बसतो, असं म्हणून काही जण मेळ घालतात.

१९९३ मध्ये उत्तर इस्राएलमधल्या तेल दान इथे एका भिंतीत चिणलेला अरामी भाषेतल्या लेखाचा तुकडा निघाला. आणखी तुकडे पुढच्या वर्षी. बायबलातल्या दावीद राजाचं नाव असलेल्या ‘दाविदाचं घराणं’ या शब्दांमुळे तो गाजला. पण त्यातला राजा, बहुधा दिमिष्कचा (आजच्या दमास्कसचा) हजाएल, इस्राएल आणि यहूदा यांच्या एकेका राजाला मारल्याचं सांगतो, आणि तुटकी नावं जुळवली तर ते योराम आणि अहज्या ठरतात. बायबलात या दोघांना एकाच दिवशी येहूने मारलं आहे. येहू हजाएलच्या इशाऱ्यावर चालला होता, की हजाएलने दुसऱ्याचं श्रेय लाटलं?

येहूच्या नजराण्यानंतर सुमारे एकशेवीस वर्षांनी, इ.स.पू. ७२२ च्या सुमारास, शोमरोन असीरियनांच्या हाती पडलं. त्या विजयाचं श्रेय घेणाऱ्या दुसरा सार्गोन या असीरियन राजाच्या लेखांत जिंकलेल्या मुलखाचं नाव आहे शोमरोन आणि अम्रीचं घर.