फुफ्फुसांची घडण आणि ऑक्सिजनपासून बचाव : जनुकीय नियमन

गर्भात फुफ्फुसे घडताना कोणते जनुक कोणत्या पेशीत, कधी आणि किती काळ चालू राहायचे, आणि जन्मानंतर हवेतल्या ऑक्सिजनची झळ सोसण्यासाठी लागणारी विकरे म्हणजे एन्झाइम केव्हा तयार व्हायची, हे ठरवणारी पेशींमधली व्यवस्था. वैद्यकीय शिक्षणात पहिला भाग शरीररचनाशास्त्रात येतो, दुसरा जीवरसायनशास्त्रात. बाळाच्या पहिल्या श्वासाला मात्र दोन्ही एकदमच लागतात. गर्भाच्या रक्तात ऑक्सिजनचा दाब जेमतेम २५ ते ३० मिमी पारा असतो. नाळ कापल्यावर काही मिनिटांत वायुकोशांतला, म्हणजे फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांतला, दाब १०० च्या घरात जातो.

वायुकोशांना शाळेच्या पुस्तकात द्राक्षाच्या घडाची उपमा देतात. नाशिककडच्या निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत वाढलेल्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही, आणि ती दिसते त्याहून खोल आहे. गर्भाच्या चौथ्या आठवड्यात अन्ननलिका जिथे होणार त्या नळीच्या पुढच्या बाजूला एक फुगवटा येतो. ‘इथे फुफ्फुस होणार’ अशी खूण तिथल्या पेशींत एनकेएक्स२-१ हे जनुक करते. थायरॉइड आणि मेंदूचा काही भाग यांच्या घडणीतही त्याचे काम असल्याने, त्याची एक प्रत बिघडली तर तिन्ही ठिकाणी दोष दिसू शकतात. पुढे भोवतालच्या ऊतीतून एफजीएफ१० हे संकेत-प्रथिन सुटते आणि नळीचे टोक त्याच्या दिशेने वाढत जाते. टोक फार पुढे धावू नये म्हणून तिथेच स्प्राउटी२ हे लगाम घालणारे जनुक चालू होते. वाढा, थांबा, दोन फांद्या करा, पुन्हा वाढा, असे चालत श्वासनलिकेपासून वायुकोशांपर्यंत सुमारे २३ पिढ्या फांद्या होतात. खोडाकडच्या पेशींत सॉक्स२ चालू असते, कोवळ्या शेंड्यांत सॉक्स९. एफजीएफ१० नसलेल्या उंदराच्या पिल्लाला श्वासनलिका येते, फुफ्फुसे येत नाहीत. फळमाशीच्या श्वसननळ्यांना फांद्या फोडणारे जनुकही याच कुळातले आहे.

नाशिकची द्राक्षबाग वर्षातून दोनदा छाटली जाते. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर फुटलेल्या नव्या काडीच्या डोळ्यात, म्हणजे अंकुराच्या गाठीत, सूक्ष्म घड तयार होतो, बाहेरून काहीच दिसत नसते. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर डोळा फुटतो तेव्हा शेतकऱ्याला घड दिसतो, पण तो ठरलेला असतो उन्हाळ्यातच. फुफ्फुसाचेही असेच आहे. श्वास जन्मानंतर सुरू होतो, पण त्याची तयारी आधी कित्येक आठवडे बंद डोळ्यासारखी आत चाललेली असते. साधारण २४व्या आठवड्यापासून दुसऱ्या प्रकारच्या वायुकोश-पेशी सर्फॅक्टंट बनवू लागतात. हा चरबी-प्रथिनांचा निसरडा थर वायुकोश मिटू देत नाही. तो पुरेसा व्हायला ३४-३५ आठवडे लागतात. त्यातल्या प्रथिनांची जनुके चालू करण्यात पुन्हा एनकेएक्स२-१ चाच हात असतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना धाप लागते ती सर्फॅक्टंट कमी पडल्याने, हे १९५९ मध्ये मेरी एलेन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवले.

त्याच सुमारास दुसरी तयारीही चालते, आणि तिच्याकडे तुलनेने कमी लक्ष जाते. ऑक्सिजन वापरताना पेशीत सुपरऑक्साइड हा तापट अणुगट तयार होतो. सुपरऑक्साइड डिसम्युटेज त्याचे हायड्रोजन पेरॉक्साइड करते (हे काम १९६९ मध्ये मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी उलगडले), तर कॅटलेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज पेरॉक्साइडचे पाणी करतात. उंदीर, ससे यांच्या गर्भात ही विकरे गर्भकाळाच्या शेवटच्या १० ते १५ टक्क्यांत, सर्फॅक्टंटच्या जोडीनेच वाढतात. पूर्ण दिवसांचे सशाचे पिल्लू जादा ऑक्सिजनमध्ये ठेवले तर ते विकरे आणखी वाढवते. अपुऱ्या दिवसांच्या पिल्लाला ते जमत नाही. साठा कमी असणे ही एक अडचण. हाक आली तरी जनुक चालू न होणे ही त्याहून मोठी.

ही हाक ऐकणारे मुख्य प्रथिन म्हणजे एनआरएफ२. एरवी कीप१ हे राखणदार प्रथिन त्याला धरून ठेवते आणि तयार झाल्यापासून २० मिनिटांच्या आसपास त्याची मोडतोड होते. धूर, ओझोन किंवा जादा ऑक्सिजन आला की कीप१ मधले गंधकयुक्त भाग बदलतात आणि पकड सुटते. मग एनआरएफ२ केंद्रकात जाऊन डीएनएवरच्या ठरावीक जागी बसते आणि संरक्षक जनुकांचा ताफा एकदम चालू करते.

कॅटलेजचा खेळ नाशिकला दर ऑक्टोबरला उघड्या डोळ्यांनी पाहता येतो. छाटणीनंतर एक-दोन दिवसांत मजूर हातमोजे घालून काडीच्या डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात. बागेत याला पेस्टिंग म्हणतात. हे रसायन डोळ्यातल्या कॅटलेजला अडवते, पेरॉक्साइड साचते, आणि त्या धक्क्याने झोपलेला डोळा जागा होतो असे मानले जाते. वेलीला जो धक्का जाग आणतो, तोच फुफ्फुसाच्या पेशीला जखम करतो. पेस्टिंग करताना तोंड-नाक झाकणे आणि त्या दिवसांत दारू पूर्ण टाळणे (हे रसायन शरीरात दारूचा निचराही अडवते) याबाबत बागेत जराही ढिलाई नको.

अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीत ही जनुके लवकर जागी करण्याचा एक मार्ग हाती आहे. न्यूझीलंडमध्ये लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ मध्ये दाखवले, की आईला स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले तर बाळाला धाप लागण्याचे प्रमाण घटते. स्टेरॉइड नाळेतून बाळाच्या पेशींत जाते, आपल्या ग्राहक-प्रथिनासह केंद्रकात शिरते आणि सर्फॅक्टंटची जनुके चालू करते. उंदरांच्या गर्भात त्याने संरक्षक विकरेही लवकर वाढतात. भारतात २०१४ च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांनुसार २४ ते ३४ आठवड्यांच्या गर्भारपणात कळा सुरू झाल्या तर डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम, दर १२ तासांनी, अशा चार मात्रा देतात. यातली पहिली मात्रा उपकेंद्रातली आरोग्यसेविकाही देऊ शकते. सुरगाणा किंवा पेठच्या पाड्यावरून घाटरस्त्याने नाशिक गाठायला दोनएक तास सहज जातात. १०८ ची गाडी येईपर्यंत मांडीत दिलेले ते एक इंजेक्शन म्हणजे जनुकांना घाटावरूनच धाडलेला निरोप असतो, आणि पूर्ण परिणामाला सुमारे एक दिवस लागत असल्याने तिथला प्रत्येक तास मोलाचा आहे.

जन्मानंतर ऑक्सिजन कमी पडून चालत नाही आणि जास्त होऊनही. जादा ऑक्सिजन आणि व्हेंटिलेटरवर राहिलेल्या बाळांतला फुफ्फुसाचा दीर्घ आजार १९६७ मध्ये प्रथम नोंदला गेला. आता नवजात कक्षात ऑक्सिजन हवेत मिसळून, बाळाच्या पायाला लावलेल्या सेन्सरवरचा आकडा पाहत मोजून देतात.

अँटिऑक्सिडंट म्हणजे ऑक्सिजनच्या झळीला आवर घालणारी द्रव्ये. त्यांच्या गोळ्यांबद्दल स्पष्ट सांगायला हवे. लासलगावच्या कांद्यात क्वेर्सेटिन आहे, काळ्या द्राक्षाच्या सालीत रेस्व्हेराट्रॉल आहे, ही दोन्ही अशीच द्रव्ये, आणि कांदा-द्राक्षे खाण्यासाठी उत्तमच. पण फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीत (निष्कर्ष १९९४) बीटा-कॅरोटीन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त आढळला. शिवाय फुफ्फुसाच्या कित्येक कर्करोगांत कीप१ बिघडलेले असते, म्हणजे एनआरएफ२ चे कवच कर्कपेशीच अंगावर चढवते.

जन्माच्या वेळी सुमारे ५ कोटी असलेले वायुकोश मोठेपणी ३० ते ५० कोटी होतात, आणि त्यातले बहुतेक पहिल्या दोन-तीन वर्षांत येतात. घरात चूल पेटते आणि धूर होतो तेव्हा आईच्या मांडीवर किंवा पाठीला बांधलेले मूल नेमके याच वयाचे असते.