लोहचुंबक चिकटलं म्हणजे पत्रा अस्सल?

जुनी स्पोर्ट्स कार घेताना बॉडीला लोहचुंबक लावा, चिकटलं की पत्रा मूळचा आणि बिनगंजाचा, हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. त्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच तो टिकलाय.

पण चुंबकाला फक्त लोखंड कळतं. खड्डे-गंज बुजवायला लावलेल्या पुट्टीचा थर पातळ असेल तर ताकदीचं चुंबक त्यावरूनही चिकटतं. गंजका भाग कापून जोडलेला तुकडाही लोखंडीच. उलट जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांपैकी लोटस एलानची बॉडी फायबरग्लासची, सुरुवातीच्या एमजीबीचं बॉनेट ॲल्युमिनियमचं. तिथं चुंबक घसरलं तर ती खोट नव्हे.

मग बघायचं कसं? फ्रिजवरचं साधं चुंबक कापडात गुंडाळून आधी दाराच्या वरच्या भागाला, मग दाराखालच्या आडव्या पट्टीला, म्हणजे सिलला लावा. ओढ कमी वाटली की शंका घ्या. एमजीबीला बॉडीखाली वेगळा सांगाडा (चासी) नाही, सिल कुजलं की बॉडीच वाकते. म्हणून दाराची फट वर-खाली सारखी आहे का पाहा. कार्पेट उचला. कोल्हापूरचा पावसाळा खालूनच पत्रा खातो, तेव्हा उद्यमनगरात एखाद्या गॅरेजात गाडी लिफ्टवर चढवून टॉर्च मारा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं हलकं ठोका (मालकाला विचारून, हं!): पत्रा टणटणतो, जाड पुट्टी भद्द वाजते.