वीस युनिट म्हणजे नेमके किती?

निफाड किंवा दिंडोरीहून नाशिकला तपासणीसाठी आलेला मधुमेही इन्सुलिनचा डोस ‘सकाळी वीस, संध्याकाळी बारा’ असा सांगतो, ते आकडे केसपेपरवर लिहिले जातात आणि पुढचा रुग्ण आत येतो. त्या वीस युनिटपैकी शरीरात किती पोहोचतात, हे मात्र त्याच्या पिशवीतली बाटली आणि सिरिंज टेबलावर ठेवायला लावल्याशिवाय कळत नाही.

आपल्याकडे बाटलीतल्या इन्सुलिनमध्ये बहुधा दर मिलिलिटरला ४० युनिट असतात, तर इन्सुलिन टोचण्याच्या पेनमधल्या कार्ट्रिजमध्ये आणि काही बाटल्यांतही १००. सिरिंजही त्यानुसार दोन प्रकारच्या: ४० साठी लाल टोपणाची, १०० साठी नारिंगी. लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये वीसच्या रेषेपर्यंत अर्धा मिलिलिटर इन्सुलिन मावते. ते १०० च्या बाटलीतून भरले, तर वीसऐवजी पन्नास युनिट टोचले जातात. उलट, ४० चे इन्सुलिन नारिंगी टोपणाच्या सिरिंजने वीसच्या रेषेपर्यंत घेतले, तर जेमतेम आठ युनिट मिळतात आणि ‘औषध लागू पडत नाही’ अशी तक्रार सुरू होते. लाल आणि नारिंगी अशा एकमेकांजवळच्या रंगांवर एवढी जबाबदारी टाकणे मला कधीच पटलेले नाही. म्हणून बाटलीवरचा आकडा सिस्टरने रुग्णाकडूनच मोठ्याने वाचून घ्यावा.

त्यानंतर पोट तपासायचे. रोज एकाच जागी सुई टोचली की इन्सुलिनच्या परिणामाने तिथली चरबी वाढून मऊ, रबरासारखी गाठ तयार होते. तिथे टोचताना दुखत नाही, म्हणून रुग्णाचा हात आपसूक तिथेच जातो. पण गाठीतून इन्सुलिन कधी उशिरा, कधी अर्धवट रक्तात उतरते आणि साखर कारणाशिवाय वरखाली होत राहते. ही गाठ पुष्कळदा डोळ्यांना दिसत नाही, बोटे सावकाश फिरवली तरच लागते. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकमध्येच आहे. इन्सुलिनचे प्रकार तिथल्या विद्यार्थ्याला पुस्तकातून शिकता येतील, पण हा स्पर्श पाच-दहा पोटे तपासल्याशिवाय येणार नाही.

उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा फ्रीज नसलेल्या घरी बाटली बंद डबीत घालून गार माठाच्या आधाराने ठेवता येते. फ्रीज असेल, तर बर्फाच्या कप्प्यात मात्र ती ठेवू नये, कारण गोठलेले इन्सुलिन निकामी होते.

गाठ सापडली की रुग्णाला जागा बदलायला सांगितले जाते, आणि नेमकी इथे घाई नडते. निरोगी जागेवरून तेच वीस युनिट पूर्ण शोषले जातात. द्राक्षांच्या हंगामात जेवण लांबलेल्या मजुराची साखर त्यामुळे ७० च्या खाली जाऊन त्याला घाम सुटतो, हात थरथरतात. म्हणून जागा बदलण्याआधीच डॉक्टरांनी डोस कमी करण्याचा विचार करावा, आणि त्रास झाल्यास तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून घेऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे, हे घरच्यांसमोर समजावून सांगावे.