कोलारची खाण ते पचमढीचे पठार: बी. व्ही. श्रीकांतन यांच्या विश्वकिरण संशोधनाची पार्श्वभूमी

पचमढी ही एकेकाळी मध्य प्रांताची उन्हाळी राजधानी होती आणि त्या प्रांताची मुख्य राजधानी नागपूर होती, हे आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र याच पचमढीत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने अतिउच्च ऊर्जेच्या गॅमा किरणांचा वेध घेणाऱ्या दुर्बिणी उभारल्या, ही गोष्ट विदर्भात फारशी बोलली जात नाही. त्या दुर्बिणींमागे जी संशोधनपरंपरा आहे, तिची मुळे कर्नाटकातील सोन्याच्या खाणीत आहेत आणि ती घडवणाऱ्यांत प्रा. बी. व्ही. श्रीकांतन यांचे नाव अग्रभागी येते.

श्रीकांतन यांचा जन्म १९२५ मध्ये म्हैसूरजवळच्या नंजनगुड येथे झाला. म्हैसूर विद्यापीठातून एम.एस्सी. करताना त्यांनी बिनतारी संदेशवहन हा विशेष विषय घेतला होता आणि १९४८ मध्ये होमी भाभा यांच्या याच टाटा संस्थेत ते दाखल झाले, तेव्हा याच शिक्षणाचा त्यांना सर्वाधिक उपयोग झाला. त्या काळी आपल्या देशात कणशोधक विकत मिळत नसत. गायगर गणकाच्या नळ्या आणि त्यांना जोडायची इलेक्ट्रॉनिक मंडले संशोधकाने स्वतःच्या हाताने बनवायची असत. भाभा सिद्धांतवादी होते, हाइटलर यांच्यासह त्यांनी १९३७ मध्ये मांडलेला विश्वकिरणांच्या, म्हणजे अंतराळातून येणाऱ्या वेगवान कणांच्या, वर्षावाचा सिद्धांत जगभर मान्यता पावला होता. परंतु प्रयोगाची परंपरा उभी राहिल्याखेरीज देशात हा विषय रुजणार नाही, याची त्यांना पक्की जाणीव होती.

विश्वकिरणांचा अभ्यास करणाऱ्यापुढे पहिला प्रश्न असतो तो डोक्यावर किती पदार्थ असावा याचा. अंतराळातून येणारे प्रोटॉन आणि इतर अणुकेंद्रे वातावरणाच्या वरच्या थरांत आदळतात आणि त्यातून अनेक कण निर्माण होतात. त्यांपैकी म्यूऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनसारखेच पण जड कण, जमिनीपर्यंत पोहोचतात. पसरलेल्या तळहातावरून दर सेकंदाला साधारण एक ते दोन म्यूऑन आरपार जातात. मूळ किरण पाहायचे तर बलून घेऊन वर जावे लागते, आणि सर्वांत भेदक कण तेवढे निवडायचे तर जमिनीखाली उतरावे लागते. कोलारच्या खाणी जगातील सर्वांत खोल खाणींत गणल्या जात आणि चॅम्पियन रीफ ही खाण तीन किलोमीटरहून खोल गेली होती. श्रीकांतन यांनी १९५१ पासून तेथे निरनिराळ्या खोलींवर म्यूऑनांची मोजणी सुरू केली आणि त्याच कामावर १९५४ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली.

भारतीय खाण ब्यूरो आणि मॉयल ही मँगनीज खाण कंपनी यांची मुख्यालये असलेल्या आपल्या नागपूरला भूमिगत खाणीतले काम म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. कोलारच्या सर्वांत खोल थरांत खडकाचे तापमान ६० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. उपकरणाचा प्रत्येक भाग खाणीत उतरण्याच्या केजमध्ये (पाळण्यात) मावेल एवढाच करून खाली न्यायचा, खाली पुन्हा जोडायचा आणि उष्ण, दमट हवेत उच्च दाबाची विद्युतमंडले महिनोन्‌महिने बिनचूक चालू ठेवायची, हे कष्ट शोधनिबंधांच्या दोन ओळींत आटोपतात. ते कष्ट तपशिलाने सांगितले जावेत असे मला मनापासून वाटते, कारण प्रायोगिक संशोधकाच्या आयुष्यातली बहुतेक वर्षे त्यांतच जातात.

या साऱ्या मोजण्यांतली सर्वांत महत्त्वाची नोंद शून्य होती. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी मियाके, नरसिंहम आणि रमणमूर्ती यांनी मोजणी अधिकाधिक खोल नेली आणि सुमारे २,७६० मीटर खोलीवर जवळजवळ दोन महिन्यांत एकाही म्यूऑनची नोंद झाली नाही. वरवर हा निष्फळ प्रयोग वाटेल. परंतु वातावरणातून येणाऱ्या म्यूऑनांची गर्दी इतकी ओसरली असेल, तर ज्याला खडकाचा अडथळाच होत नाही अशा न्यूट्रिनो या विद्युतभाररहित कणाची खूण तेथे ओळखता येईल, हा त्या शून्याचा अर्थ होता. वातावरणात तयार झालेला न्यूट्रिनो पृथ्वी भेदून कोणत्याही दिशेने येऊ शकतो आणि क्वचित शोधकाजवळच्या खडकात आदळून म्यूऑन निर्माण करतो.

टाटा संस्था, जपानमधील ओसाका सिटी विद्यापीठ आणि इंग्लंडमधील डरहॅम विद्यापीठ यांनी मिळून सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर जो प्रयोग मांडला, त्याची रचना याच विचारातून आली. सिंटिलेटर, म्हणजे कण आरपार गेला की चमकणारे शोधक, आडवे न अंथरता भिंतीसारखे उभे केले गेले आणि त्यांच्या मध्ये कणाचा मार्ग दाखवणाऱ्या निऑनच्या नळ्या बसवल्या गेल्या. उभ्या रेषेपासून ६० अंश कललेल्या दिशेने पाहिले तर वाटेतल्या खडकाची लांबी दुप्पट होते आणि आडव्या दिशेने ती कित्येक पटींनी वाढते. तिकडून म्यूऑन आलाच, तर तो न्यूट्रिनोपासूनच जन्मलेला असणार. १९६५ मध्ये असे म्यूऑन मिळाले. त्या निबंधाच्या लेखकांत श्रीकांतन, एम. जी. के. मेनन, मियाके आणि वुल्फेंडेल यांचा समावेश होता. दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणीत फ्रेडरिक रेनेस यांचा गट हाच शोध घेत होता. कोलारचा निबंध ऑगस्टमध्ये काही दिवस आधी प्रसिद्ध झाला, तर रेनेस यांच्या गटाची पहिली नोंद त्याआधीच्या फेब्रुवारीतली होती. त्यामुळे हे श्रेय दोघांचे आहे, असे म्हणणेच न्याय्य ठरते. वातावरणीय न्यूट्रिनोंच्या पुढच्या अभ्यासातून १९९८ मध्ये जपानच्या सुपर-कामिओकांदे प्रयोगाने न्यूट्रिनोंचे एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात होणारे रूपांतर दाखवून दिले आणि २०१५ च्या नोबेल पारितोषिकात त्याचा वाटा होता.

श्रीकांतन खाणीत अडकून पडले नाहीत. उटी येथे सुमारे २,२०० मीटर उंचीवर त्यांनी मेघकक्ष (कणाचा माग बाष्पात दाखवणारे उपकरण) आणि इतर शोधकांच्या साहाय्याने विश्वकिरणांच्या वर्षावांचा अभ्यास केला. अमेरिकेत एमआयटीमध्ये ब्रूनो रॉसी यांच्या गटासोबत काम करताना ते नव्याने उदयाला आलेल्या क्ष-किरण खगोलशास्त्राकडे वळले आणि परतल्यावर हैदराबादहून सोडलेल्या बलूनांच्या मदतीने ते काम त्यांनी भारतात उभे केले. १९७५ ते १९८७ या काळात ते टाटा संस्थेचे संचालक होते. त्याच काळात, १९८० मध्ये, कोलारला १४० टन वजनाचा लोखंडी शोधक प्रोटॉनच्या ऱ्हासाचा, म्हणजे प्रोटॉन आपोआप फुटतो का याचा, शोध घेऊ लागला. काही संभाव्य घटना जाहीरही झाल्या. मात्र नंतरच्या मोठ्या प्रयोगांतून त्यांना पुष्टी मिळाली नाही.

पचमढीचा धागा उटीतूनच निघतो. गॅमा किरण वातावरणात शिरला की कणांचा वर्षाव होतो आणि त्यातून चेरेन्कोव्ह प्रकाशाची, सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरती टिकणारी, निळसर चमक जमिनीवर पोहोचते. ती टिपण्यासाठी स्वच्छ आकाश आणि चंद्र नसलेली रात्र लागते. उटीत सुरू झालेले हे काम पुढे मध्य प्रदेशात आणले गेले आणि पचमढीला २४ दुर्बिणींची मांडणी झाली. प्रत्येक दुर्बिणीत ०.९ मीटर व्यासाचे सात आरसे होते. विदर्भातले भाविक श्रावणात पचमढीच्या नागद्वारीला जातात तेव्हा पावसामुळे अशा दुर्बिणींना काहीच करता येत नाही. महाशिवरात्रीला तिथल्याच चौरागडच्या महादेवाला त्रिशूळ वाहिले जातात ती माघ वद्य चतुर्दशीची काळोखी रात्र, आणि त्या दिवसांत संध्याकाळी कर्क अभ्रिका (क्रॅब नेब्युला, म्हणजे स्फोट झालेल्या ताऱ्याचे अवशेष) उंच आलेली असते. या क्षेत्रातील प्रत्येक दुर्बीण याच स्रोतावर पारखून घेतली जाते.

पचमढीची उंची १,००० मीटरच्या थोडी वर आहे. दुर्बीण जितकी उंचावर तितका वर्षावाचा प्रकाश दाट मिळतो आणि कमी ऊर्जेचे गॅमा किरणही हाती लागतात, म्हणून पुढची पिढी लडाखमधील हानले येथे, सुमारे ४,३०० मीटर उंचीवर गेली. हगार ही दुर्बीणमालिका तेथे २००८ मध्ये पूर्ण झाली आणि २१ मीटर व्यासाच्या मेस दुर्बिणीचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. श्रीकांतन यांचे २०१९ मध्ये बंगळुरू येथे निधन झाले. उटीच्या ग्रेप्स-३ प्रयोगात आजही म्यूऑन मोजले जातात आणि १ डिसेंबर २०१४ च्या गडगडाटी ढगातील सुमारे १.३ अब्ज व्होल्टचे विभवांतर तेथील संशोधकांनी त्याच मोजणीतून शोधून काढले.