खाल्लंस ना, मग आता पळ! हे मुलांना म्हणू नका

रील्सवर सध्या एक प्रकार जोरात चालतो, वडापावचा फोटो आणि खाली "हा जिरवायला एवढे किलोमीटर पळा". ज्या चौदा-पंधरा वर्षांच्या जाड मुलाला बिंज ईटिंगचा त्रास आहे त्याच्या डोक्यात हा हिशोब बसला की घात होतो, म्हणून हे लिहितोय.

लग्नात चार गुलाबजाम जास्त झाले ते बिंज नाही. थोड्या वेळात भरमसाट खाणं आणि "आता पुरे" असं वाटत असूनही हात न थांबणं, हे बिंज. घरचे झोपले की पोरगा किचनमधे दिवा न लावता उभ्या उभ्या फरसाणचा डबा, मग बिस्किटं, मग फ्रीजमधला गार भात असं भराभर खात सुटतो, भूक नसतेच, पोट दुखेपर्यंत चालतं, मग रिकामी पाकिटं दप्तरात लपवतो आणि स्वतःची किळस येऊन रडत बसतो. आठवड्यातून निदान एकदा असं तीन महिने चाललं तर तो आजार धरतात, अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम-५ या आजार ठरवण्याच्या पुस्तकात २०१३ साली त्याला स्वतंत्र स्थान मिळालं. आपल्याकडे मात्र "भस्म्या झालाय का" म्हणून ओरडतात, कोणी मीठ-मोहरी ओवाळतं, कोणी ऑनलाइन फॅट बर्नर चहा मागवतं. दोन्ही प्लीज बंद करा, यात दृष्टीबिष्टीचा काही संबंध नाही आणि चहाने चरबी वितळत नाही.

आता व्यायाम. कॅलरी जाळायला म्हणाल तर तो तसा कमजोरच, ६० किलोचा माणूस ५ किमी पळला की ढोबळमानाने ३०० कॅलरी जातात, म्हणजे जेमतेम एक वडापाव. एका बिंजमधे दीड-दोन हजार कॅलरी सहज पोटात जातात, त्या पळून फेडायच्या कशा? मग मूल शिक्षा म्हणून पळतं, दुसऱ्या दिवशी उपाशी राहतं आणि रात्री भुकेने पुन्हा बिंज.

व्यायामाचा खरा उपयोग वेगळाच आहे आणि मला तो भाग जाम आवडतो. फ्रान्समधे संशोधकांनी लठ्ठ मुलग्यांना चोवीस तास एका बंद खोलीत ठेवून मोजमाप केलं (२०१२ मधे छापून आलं), एक दिवस नुसतं बसून, एक दिवस हळू सायकल, एक दिवस जोरात सायकल, आणि दोन्ही सायकलींमधे खर्च झालेली ऊर्जा सारखीच ठेवली होती. जेवण हवं तेवढं. तर जोरात सायकल मारलेल्या दिवशी मुलं आपसूक कमी जेवली, आणि "भूक किती लागलीय" विचारलं तर उत्तर तिन्ही दिवशी जवळपास सारखंच!

हे होतं कसं? एक धागा २०२२ साली सापडला. स्नायू जोरात काम करतात तेव्हा ग्लुकोजपासून लॅक्टेट तयार होऊन रक्तात येतं, ते आपल्याला शाळेपासून माहीत आहे. काही पेशींमधे सीएनडीपी२ नावाचं एन्झाइम असतं, ते हे लॅक्टेट आणि फेनिलअ‍ॅलानिन (डाळी-दुधातल्या प्रथिनांमधलं एक अमिनो आम्ल) जोडून लॅक-फे नावाचा छोटा रेणू बनवतं. लठ्ठ उंदरांना तो टोचला तर पुढच्या बारा तासांत त्यांचं खाणं जवळजवळ निम्म्यावर आलं, पण तोंडाने दिला तर काहीच नाही, त्यामुळे उद्या कोणी लॅक-फेच्या गोळ्या विकायला आला तर त्याला दारातूनच परत पाठवा. ज्या उंदरांमधे ते एन्झाइमच नव्हतं ते ट्रेडमिलवर तेवढंच धावूनही जास्त खात राहिले आणि जाड झाले. माणसांमधे हा रेणू स्प्रिंटनंतर सगळ्यात जास्त वाढतो, त्याखाली वजनं उचलल्यावर, आणि संथ लांब व्यायामानंतर सगळ्यात कमी.

पण बिंज मुळात भुकेचा आजार नाही, तो बहुतेक वेळा वाईट मूडमधून आणि सुटलेल्या ताब्यातून येतो. तिथेही व्यायाम कामाला येतो. अमेरिकेत जॉर्जियामधे ७ ते ११ वर्षांच्या १७१ जाड मुलांना शाळा सुटल्यावर रोज २० किंवा ४० मिनिटं दमवणारे खेळ खेळायला लावले, तर मेंदूचं आखणीचं आणि आवर घालण्याचं काम सुधारलं, ४० मिनिटंवाल्यांचं जास्त (२०११). आणि ११४ लठ्ठ बिंजग्रस्त स्त्रियांच्या एका अभ्यासात सीबीटी म्हणजे विचार-वर्तन थेरपीच्या जोडीला व्यायाम दिल्यावर बिंज जास्त कमी झालं (२००२). त्या प्रौढ होत्या हे खरं, किशोरांवरचे अभ्यास लहान आणि थोडे आहेत, म्हणून मुलांमधेही मुख्य उपचार थेरपी आणि व्यायाम तिच्या हाताला हात, असंच धरायचं. लिसडेक्सअ‍ॅम्फेटामिन या औषधाला अमेरिकेत २०१५ साली बिंजसाठी मान्यता मिळाली, तीही फक्त प्रौढांसाठी.

मग घरी काय करायचं? वजनकाटा कपाटात टाका. खेळ मुलाला निवडू दे, कबड्डी, बॅडमिंटन, पोहणं, डान्स, काहीही, फक्त मधेमधे धाप लागली पाहिजे. पीटीच्या तासाला जाड मुलावर हसतात तेव्हा शिक्षकांनी गप्प बसू नये, चिडवण्याने बिंज वाढतं. आणि मूल खाल्ल्याची भरपाई म्हणून लपून तासन् तास व्यायाम करतंय, जेवण टाळतंय किंवा ओकून काढतंय असं दिसलं तर व्यायाम तिथेच थांबवून मानसोपचारतज्ज्ञ गाठा. ओळखीचं कोणी नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.