खुबा मोडला की ऑपरेशन नको, झोपून जुळतो म्हणे!

आमच्या इंदूरात रामबागेत कुणाची आजी बाथरूममधे घसरली की सकाळच्या पोह्यांबरोबर सल्ला येतोच, या वयात चिरफाड कशाला, पायाला वीट लटकवा, पैलवानाकडून पट्टी बांधा, तीन महिन्यात हाड जुळतं. मनगटाचं जुळतं हो, पण खुब्याच्या मानेचं गणित वेगळंय.

मांडीच्या हाडाचा वरचा गोळा आणि खालचा दांडा यांना जोडणारा अरुंद भाग म्हणजे ही मान. गोळ्याला रक्त मुख्यतः मानेला चिकटून वर जाणाऱ्या बारीक नसांतून मिळतं, मान तुटून सरकली की त्या नसाच तुटतात, मग गोळा उपाशी राहून मरू शकतो. त्यात हा भाग सांध्याच्या पिशवीच्या आत, इथे बाकी हाडांसारखा बाहेरून नवीन हाडाचा गठ्ठा धरत नाही. मग वीट काय करणार, कप्पाळ?

उलट झोपवून ठेवल्याने न्यूमोनिया, पाठीला जखमा, पायात रक्ताच्या गाठी, आजी जाते ती यानेच बरेचदा. म्हणून जमलं तर एक-दोन दिवसांतच ऑपरेशन करतात. हाड सरकलं नसेल तर स्क्रू, सरकलं असेल तर म्हाताऱ्या माणसांत बहुतेक वेळा गोळाच बदलतात आणि दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात.

आणि हो, "चालतेय म्हणजे मोडलं नाही" हेही खोटं. टोकं एकमेकांत रुतली असली तर माणूस लंगडत चालतो, कधीकधी पहिल्या एक्स-रेत पण दिसत नाही, जांघेत दुखत राहिलं तर एमआरआय करा. पाय आखूड होऊन पंजा बाहेर वळलेला दिसला तर मालिश अजिबात नको, सरळ ॲम्ब्युलन्स.